गोळीवर आवरण आहे म्हणून जठर सुरक्षित राहतं का?

गुडघ्यासाठी दीड महिना डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी चालू आहे, ती आवरणवाली आहे, शिवाय भरल्या पोटी घेता, मग अल्सर कसा होईल, असं तुम्ही विचारलंय. हेच बोलून मीही डॉक्टरांना गप्प करायचो.

गोळी जठराला लागून होणारी जळजळ हा त्रासाचा लहान भाग. मुख्य घाव रक्तातून येतो. जठराच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो, त्यात आम्लाला मारणारं बायकार्बोनेट असतं आणि खालून रक्तपुरवठा चालू असतो. हे सगळं राखतात प्रोस्टाग्लँडिन्स नावाची शरीरातली रसायनं. सांध्यात सूज आणि दुखणं वाढवणारीही तीच! डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं ती पुरेशी तयारच होऊ देत नाहीत (शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये हे दाखवलं). म्हणून गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं तरी जठराची सुटका नाही.

माझं पोट एकदाही दुखलं नाही. जिना चढताना दम लागायचा, तो मी वयावर ढकलला. मग एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं. पाणी ओतलं तरी भांडं सोडेना, वासही भलताच. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो चिकटपणा नसतो. दुर्बिणीतून पाहिलं तर जठराच्या खालच्या टोकाला दोन व्रण, एकातून रक्त पाझरत होतं. असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

नुसतं अँटासिड पिऊन भागत नाही, त्याने लक्षणं तेवढी झाकली जातात. ओमेप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध न्याहारीच्या अर्धा तास आधी घेतलं तर खरं संरक्षण मिळतं. गोळी लांबणार असेल तर एच. पायलोरी हा जंतू आहे का, तेही तपासून घ्या. तो आणि ही वेदनाशामकं एकत्र आली की धोका वाढतो. सेलेकॉक्सिबच्या गटातल्या वेदनाशामक गोळ्या जठराला सौम्य, पण हृदयाला जपावं लागतं. त्यातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. गुडघ्यापुरतं दुखणं असेल तर वरून लावायचं जेल आधी विचारा, त्यातलं औषध रक्तात फार कमी उतरतं.

तुम्ही ओघात लिहून गेलात, तेच मला सगळ्यात खटकलं: वय ६८ आणि हृदयासाठी रोज ७५ मिलीग्रॅम ॲस्पिरिन. तीही याच कुळातली. ती मनाने बंद करू नका, पण डायक्लोफेनॅक लिहून देणाऱ्याला तिची कल्पना आहे का, हे आजच फोन करून विचारा.