वाचकांचे प्रश्न : सातासमुद्रापलीकडची अपराधी भावना

प्रश्न : ‘सप्त सागरदाचे एल्लो’ हा कन्नड चित्रपट ग्रंथालयात दाखवायचा आहे. नायक निर्दोष असूनही त्याला अपराधी का वाटतं? दोन्ही भाग एकाच दिवशी दाखवावेत का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नायक मनूनं अपघात केलेला नाही, हे खरं. तो केला मालकाच्या मुलानं. पण प्रेयसी प्रियाबरोबर घर करायला पैसे हवेत म्हणून ड्रायव्हर मनू गुन्हा अंगावर घेतो. लवकर सुटशील, असं त्याला सांगितलेलं असतं. ते फसतं आणि शिक्षा प्रियाही भोगते. तिचं आयुष्य आपण पणाला लावलं, ही बोच कुठल्याच कोर्टात फिटत नाही. दुसऱ्या भागात, दहा वर्षांनी, हीच बोच त्याला तिच्यामागे ओढत नेते. तिथं प्रेम संपून हट्ट कुठं सुरू होतो, ते बघा. हेमंत राव यांच्या दिग्दर्शनाचं खरं बळ तिथंच आहे.

दोन्ही भाग २०२३ चे. एका दिवशी नकोत. प्रेक्षक थकले की दुसऱ्याची संथ लय कंटाळवाणी वाटते. आठवड्याचं अंतर ठेवा, क्रम मात्र बदलू नका. पहिल्यात निळा रंग, दुसऱ्यात लाल, म्हणून खिडक्यांना जाड पडदे हवेत. समुद्राची गाज महत्त्वाची आहे. लॅपटॉपचे स्पीकर ती गिळतात, वेगळे लावा. सबटायटल्स आधी तपासा.

शीर्षक कन्नड कवी गोपालकृष्ण अडिगांच्या कवितेतलं : ‘आचे’ म्हणजे पलीकडे, ‘एल्लो’ म्हणजे कुठेतरी.