साइटवर इतक्या तऱ्हेच्या क्रेन कशाला? एकच मोठी क्रेन का पुरत नाही?

तुमचे प्रश्न दोन आहेत: एकच दणकट क्रेन आणून सगळं काम का उरकत नाहीत, आणि उंच इमारतीवरची ती क्रेन वर चढते कशी. साइटवर काय कुठून कसं उचलायचं हे ठरवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी टनांचा भ्रम काढून टाका. ‘50 टनी क्रेन’ म्हणजे 50 टन कुठेही नेऊन ठेवणारी क्रेन नव्हे. तो आकडा बूम (क्रेनचा उचलणारा हात) आखूड असताना, जेमतेम 3 मीटर त्रिज्येवरचा, म्हणजे क्रेनच्या मध्यापासून माल तेवढाच लांब असतानाचा. माल 30 मीटर लांब ठेवायचा झाला तर तीच क्रेन एक-दोन टनांवर येते. किती लांब किती वजन चालेल हे सगळं क्रेनच्या तक्त्यात, म्हणजे लोड चार्टमध्ये दिलेलं असतं, आणि त्यातूनही हुक, माल बांधायचे स्लिंग (दोर, पट्टे) आणि शॅकल (जोडकड्या) यांचं वजन वजा करायचं असतं. म्हणून पहिला प्रश्न ‘किती टन?’ नाही, ‘किती लांब?’ हा असतो. दुसरा, खाली जमीन कशी आहे. आणि तिसरा, काम किती दिवसांचं.

एक-दोन दिवसांचं काम असेल तर ट्रकवरची टेलिस्कोपिक क्रेन, म्हणजे बूम एकातून एक बाहेर सरकून लांब होणारी. रस्त्याने येते, जॅक (बाजूला पसरणारे आधाराचे पाय) पसरते, उचलते, जाते. पण सगळा भार त्या चार जॅकवर येतो. एखादा जॅक ताज्या भरावावर किंवा बुजवलेल्या चरावर आला, तर लोड चार्टला काही अर्थ राहत नाही. जॅकखाली जाड, रुंद प्लेट हव्यातच. सापडेल ती फळी सरकवून भागवणारे पाहिले की मी काम थांबवतो.

महिनोन्‌महिने जड उचल असेल तर क्रॉलर, म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी क्रेन. पट्ट्यांमुळे वजन पसरतं आणि सपाट, घट्ट जमिनीवर ती माल घेऊन चालूही शकते. गैरसोय म्हणजे ती ट्रेलरवरून तुकड्यातुकड्यांत येते आणि जुळवायला बहुधा दुसरी क्रेन लागते.

हायड्रा, म्हणजे माल पुढे टांगून चाकांवर चालणारी छोटी क्रेन; तिच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. सळईचे बंडल, पाइप इकडून तिकडे हलवायला तिच्यासारखं सोयीचं काही नाही. पण माल पुढे लोंबकळत असतो, ड्रायव्हरला समोरचं नीट दिसत नाही, आणि हेलकावे थांबवायला एखादा माणूस माल हाताने धरून शेजारी चालत असतो. खड्ड्यात चाक गेलं की तो माणूस चाक आणि माल यांच्यामध्ये. टॅग लाइन (मालाला बांधून लांबून धरायची दोरी) बांधा आणि माणूस लांब ठेवा, एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ.

एकच मोठी क्रेन का नाही, याला उत्तम उदाहरण इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंट सी अणुवीज प्रकल्पाचं. तिथे 5,000 टन क्षमतेची, रुळांवर फिरणारी ‘बिग कार्ल’ होती. डिसेंबर 2023 मध्ये तिने 245 टनांचा घुमट रिअॅक्टरच्या इमारतीवर ठेवला. तरी त्याच साइटवर टॉवर क्रेनची रांग होतीच, कारण रोजचं शटरिंग (काँक्रीटचे साचे) आणि सळई उचलायला असला राक्षस कोण जुंपणार?

टॉवर क्रेनमध्ये आडव्या जिबची (वरच्या लांब हाताची) क्रेन नेहमी दिसते. हुक टांगलेली ट्रॉली जिबवरून पुढे-मागे जाते, मागे तोल साधायला काँक्रीटचे काउंटरवेट. आजूबाजूला इमारती दाटीने असतील तर लफिंग जिब, म्हणजे जिबच वर उचलता येणारी. काम बंद झालं की आडव्या जिबचा फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडतात, म्हणजे वारा येईल तशी ती वळते. रात्री रिकामी क्रेन आपोआप फिरताना दिसली तर घाबरू नका, तसंच अपेक्षित आहे.

आता चढण्याचं. मास्टभोवती, म्हणजे क्रेनच्या उभ्या खांबाभोवती, क्लाइंबिंग फ्रेम (चढण्यासाठीची चौकट) असते. आधी वरच्या भागाचा तोल साधतात, मग हायड्रॉलिक जॅक तो सगळा भाग उचलतो, मधे पडलेल्या जागेत मास्टचा नवा तुकडा बाजूने सरकवून बोल्ट आवळतात. असं एकेक तुकड्याने वर. ठरावीक उंचीनंतर मास्ट इमारतीला बांधून घ्यावा लागतो. इमारतीच्या बाहेर उभी असलेली क्रेन याच क्रमाने उलटी उतरते. लिफ्टच्या डक्टमधून मजल्यांबरोबर चढलेली मात्र तशी उतरू शकत नाही, कारण खाली सगळीकडे स्लॅब टाकून झालेले असतात. मग तिच्याकडूनच गच्चीवर एक लहान डेरिक (सुटे भाग जोडून उभी करायची साधी क्रेन) चढवून घेतात, त्या डेरिकने मोठी क्रेन सोडवून खाली उतरवतात, डेरिक उतरवायला आणखी लहान डेरिक, आणि शेवटच्या डेरिकचे सुटे भाग लिफ्टने खाली नेतात.