ग्रिपर घेऊ नका, आधी अंगठा बघा

तुमचा प्रश्न वाचताना माझा डावा हात नकळत मांडीवर चोळला गेला, इतकं ते ओळखीचं होतं. सहा-सात महिने झालेत बेस गिटार हातात घेऊन, तिसऱ्या-चौथ्या गाण्याला डाव्या अंगठ्याच्या बुडाशी गोळा येतो, करंगळी आत वळते, महिन्यावर शो आहे, वॉर्मअपला काय करू आणि हातात ताकद यावी म्हणून ते स्प्रिंगचं हँड ग्रिपर घेऊ का. हे शेवटचं विचारलं नसतंत तर मी वाचून पुढे गेले असते. घेऊ नका. घेतलं असेल तर देऊन टाका कुणाला तरी.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, चौदा वर्षं बेस वाजवणारी आणि त्यातली दोन हात बिघडवण्यात आणि सुधारण्यात घालवलेली बाई आहे, त्यामुळे पुढचं सगळं त्याच मापाने घ्या. आणि मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, रात्री हात दुखून जाग येत असेल तर हे वाचणं सोडा आणि सरळ डॉक्टरकडे जा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर असेल तर ती एक नस (मज्जातंतू), करंगळी आणि तिच्या शेजारचं असेल तर दुसरी, म्हणून नेमकी कुठली बोटं ते लिहून न्या, तिथे गेल्यावर नीट आठवत नाही.

आता माझी गोष्ट. तेव्हा ज्यांच्याकडे शिकत होते त्यांनी दुसऱ्याच महिन्यात सांगून टाकलं, हात लहान आहेत, ताकद कमी आहे, ग्रिपर घे. हात लहान हे तर मला दिसतच होतं, त्यामुळे पुढचंही खरं वाटलं. घेतलं. सकाळी पन्नास, दुपारी पन्नास, रात्री प्रॅक्टिसच्या आधी पन्नास, वॉर्मअप म्हणून! आणि त्यावर दीड तास बेस. दुखलं की मला बरं वाटायचं, म्हटलं होतंय काहीतरी, तयार होतोय हात. चार महिने हे केलं. सुरुवातीला विसाव्या मिनिटाला येणारा पेटका चार महिन्यांनी पाचव्या मिनिटाला यायला लागला आणि मी काय निष्कर्ष काढला असेल? की अजून जोर कमी पडतोय. मग जास्त कडक स्प्रिंगचं आणलं.

एका रिहर्सलला हात नेकभोवती, म्हणजे बेसच्या लांब दांड्याभोवती, मिटला तो उघडेचना. ड्रमर आपला वाजवतोय, आणि मी उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून सोडवतेय. त्यानंतर काही दिवस कुलपात किल्ली फिरवायलाही उजवाच हात लागायचा.

मग एका क्लिनिकमध्ये गेले. नाव नको. तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला हात टेबलावर ठेवायला सांगितला, इथे दुखतं का, तिथे दुखतं का, कॉम्प्युटरवर काम असतं का, बरं, मनगटाला पट्टा लावा, गोळ्या घ्या, आराम करा. मी म्हटलं अहो मी बेस वाजवते, तर "गिटार ना, थोडं कमी वाजवा". दुसऱ्या खेपेला तेच, पट्ट्याचा साइज तेवढा बदलला. तिसऱ्या खेपेला मी बेस घेऊन येऊ का असं विचारलं तर हसले. आराम केला की बरं वाटायचं, वाजवलं की पहिल्यासारखं, आणि यातून कारण हातात नसून वाजवण्यात आहे हे कुणाच्या डोक्यात येऊ नये? माझ्याही आलं नाही म्हणा. मी तर त्या दुखण्याच्या गोळ्या घेऊन एक शो पण वाजवला. तो मूर्खपणा माझा स्वतःचा, त्याचं खापर दुसऱ्यावर फोडत नाही. दुखणं हा हाताकडे असलेला एकच सिग्नल, तो बंद करून तासभर वाजवलं, पुढचे तीन महिने बेस भिंतीला टेकून होता.

शेवटी एका फिजिओने फोनवरच सांगितलं की बाकीचं नंतर बघू, आधी ते वाद्य घेऊन या. तिने मला वाजवायला बसवलं, दोन मिनिटं नुसतं बघितलं, मग टेबलावरचं एक कार्ड उचलून माझा अंगठा आणि नेक यांच्यामध्ये सरकवलं आणि म्हणाली वाजवत राहा. मी वाजवतेय, ती कार्ड ओढतेय. कार्ड फाटलं. अर्धं तिच्या हातात, अर्धं माझ्या अंगठ्याखाली. "अजून किती ताकद हवी आहे तुम्हाला?" असं म्हणाली ती, आणि मला हसावं की रडावं कळेना.

आज घरी हीच टेस्ट करा. वहीचा कागद चालेल, ओढायला दुसरं कुणीतरी हवं, आणि वाजवताना खोडी म्हणून हात मुद्दाम सैल सोडू नका, नेहमीचं अवघड गाणं वाजवा. कागद अलगद सुटून आला पाहिजे.

होतं काय, की बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात आणि त्यांचे नऊ टेंडन, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात, त्याच बोगद्यातून एक मोठी नसही जाते. अंगठ्याचे स्वतःचे छोटे स्नायू मात्र तळहातात, बुडाशी, तुम्हाला गोळा येतो तिथेच. स्नायू सतत आवळून धरला की त्यातून रक्त नीट फिरत नाही आणि तो लवकर थकतो. ग्रिपर काय शिकवतं, मूठ आवळायला. ती तर आपण तासन् तास आवळतोच आहोत, न येणारी गोष्ट आहे सोडणं. (गिर्यारोहक वगैरे ग्रिपर वापरत असतील तर वापरू देत, मी फक्त पेटके येणाऱ्या बेसवाल्यांबद्दल बोलतेय.)

किती दाब लागतो ते स्वतः शोधा. सातव्या फ्रेटजवळ, म्हणजे नेकवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्टीच्या लगेच मागे, बोट तारेवर नुसतं टेकवा आणि उजव्या हाताने छेडत राहा. आधी ठप्प असा मेलेला आवाज येईल, दाब वाढवत गेलात की खरखर, आणि मग एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तिथे थांबा. तेवढाच लागतो. तारेवर 16 ते 20 किलोचा ताण असतो असं कुठेतरी वाचाल, ते लांबीच्या दिशेने ओढलेलं असतं, दाबायला त्याच्या मानाने अगदीच थोडं लागतं. मग तेच अंगठा नेकवरून पूर्ण उचलून करा. उजव्या हाताने बेसची बॉडी पोटाशी धरली जाते, डाव्या हाताचं वजन मागे येतं आणि चक्क सूर निघतो. संपूर्ण गाणी अशी वाजवायची नाहीत, पण रोज दोन मिनिटं केलं की अंगठ्याला कळतं की आपण इथे फक्त टेकायला आहोत.

वॉर्मअप विचारलात म्हणून सांगते, हात गार असतील तर दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात, खांदे फिरवा, मुठी हलक्या उघडा-मिटा. थंड हाताची बोटं मागे ओढून ताणणं मला अजिबात पटत नाही, ताणायचं असेल तर वाजवून झाल्यावर, हळू. मग मेट्रोनोम मिनिटाला 50-60 ठोक्यांवर ठेवून चार बोटांचा साधा व्यायाम (सलग चार फ्रेट्सवर एकेक बोट), तो तुम्हाला माहीत असेलच, फक्त पहिल्या फ्रेटपासून सुरू करू नका. नेहमीचा 34 इंची (वाजणाऱ्या तारेची लांबी तेवढी) बेस धरला तर पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर साधारण 13 सेंटिमीटर आहे आणि नवव्या ते बाराव्यातलं जेमतेम 8. झोपेतून उठलेल्या हाताला 13 सेंटिमीटर ताणायला लावायचं आणि मग पेटका आला म्हणायचं! नवव्यापासून सुरू करा, आणि दोन-चार फेऱ्यांनी एकेक फ्रेट खाली, म्हणजे पहिल्या फ्रेटकडे, या. सूर संपला की बोट तारेवरून उडवू नका, नुसतं सैल सोडा, तारच त्याला वर ढकलते. माझ्या मते दहा मिनिटांच्या वॉर्मअपमध्ये हे सोडणंच करायचं, वेग गेला खड्ड्यात.

खालच्या फ्रेट्सवर एका फ्रेटला एक बोट हा हट्ट सोडा. डबल बेसवाले पूर्वापार तर्जनी, मधलं आणि करंगळी अशीच वाजवतात, अनामिका करंगळीला साथ देते, एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ सिमँडलने शिकवलेली पद्धत आहे ही. पाचव्या फ्रेटच्या वर गेलात की मग खुशाल चार बोटं वापरा. ते "ही आळशी पद्धत आहे" म्हणणारे भेटतील, त्यांच्या हाताची लांबी बघा आणि सोडून द्या. 30 इंची छोटा बेस घेणं हाही कमीपणा नाही, बीटल्सच्या मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा तो प्रसिद्ध हॉफनर 30 इंचीच आहे.

आता सेटअप. माझ्या बेसचा नट, म्हणजे नेकच्या टोकाची ती खाचांची पट्टी जिच्यावरून तारा जातात, उंच होता हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर सूर काढायला मला दुप्पट दाबावं लागायचं आणि मी समजायचे बेस असाच असतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि पट्टी यांच्यातली फट बघा, केसाएवढी हवी, चांगली ढळढळीत दिसली तर नट घासून घ्या, पण जाणकाराकडून, कारण जास्त घासला गेला की नवा नटच लागतो. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी, माझी चार होती. 45-105 च्या तारा (हे जाडीचे आकडे) असतील तर थोड्या बारीक, 40-100 लावून बघा, थोडा फरक पडतो. त्या बदलल्या की ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक ठरवणारी सळई, बघावा लागतो, स्वतः फिरवणार असाल तर एका वेळी पाव वेढ्याच्या पुढे नाही. कुणीतरी हमखास सांगेल की मोटाउनचा नावाजलेला बेसिस्ट जेमरसन, त्याच्या बेसची अ‍ॅक्शन (तारांची उंची) जास्त होती आणि तो उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवायचा. हो, होती, आणि वाजवायचा. तो जेमरसन होता.

उभं राहून वाजवता का ते तुम्ही लिहिलं नाहीये. बसल्यावर बेस जिथे असतो तिथेच उभं राहिल्यावर आला पाहिजे, खांद्यावरचा पट्टा तेवढा आखूड करा. खाली लोंबणारा बेस दिसतो झकास, पण मनगट काटकोनात मोडतं आणि वर सांगितलेला तो बोगदा अजून आवळतो. आणि दोन्ही हात सोडून बघा, नेक जमिनीकडे झुकतो का? झुकत असेल तर तुमचा डावा हात सूर काढता काढता चार किलोचं वाद्यही उचलून धरतोय. रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घ्या, खांद्यावरून घसरत नाही.

अजून एक, जे मला फार उशिरा उमगलं. उजवा हात जोरात छेडायला लागला की डावाही आवळला जातो. आणि उजवा जोरात कधी छेडतो, तर स्वतःचं ऐकू येत नाही तेव्हा. घरी ठीक आणि रिहर्सलला पेटका असं असेल तर अँपचा (बेसच्या स्पीकरचा) आवाज वाढवा, अँप कानाच्या उंचीला तिरपा करा आणि गिटारवाल्याला त्याचा कमी करायला सांगा. तो करणार नाही. दर गाण्याला थोडा थोडा वाढवत नेतो आणि वर मलाच विचारतो की बेस का ऐकू येत नाहीये, असो, हा विषय निघाला की मी थांबत नाही.

करंगळी आत वळते म्हणालात म्हणून एवढं लिहिते, घाबरवायला नाही. दुखत असताना, थकल्यावर वळत असेल तर बहुतेक थकव्यानेच. पण दुखत काहीच नाही, हात ताजा आहे, इतर सगळी कामं नीट होतात आणि फक्त बेसवरच ती ऐकत नाही असं असेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा, फोकल डिस्टोनिया नावाचा वेगळा प्रकार असतो, त्यात ठरावीक कामातच बोटांवरचा ताबा सुटतो, पियानिस्ट लिऑन फ्लायशरचा उजवा हात 1960 च्या दशकात त्यानेच गेला आणि पुढे कित्येक वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला. त्यात सराव वाढवून काही होत नाही. आणि जिथे जाल तिथे बेस घेऊन जा, हसले तर दुसरीकडे जा.

शोसाठी तात्पुरतं म्हणजे सेटलिस्ट हलवा. पेटका चौथ्या गाण्याला येतो ना, मग तिसरं गाणं उघड्या तारांचं किंवा वरच्या फ्रेट्सवरचं ठेवा, आणि दोन गाण्यांच्या मध्ये गायक बोलत असेल तेव्हा डावा हात सरळ खाली लोंबू द्या, नेकवर ठेवून उभे राहू नका, ट्यूनिंग करायचं असेल तर ते उजव्या हाताने करा, थोडं विचित्र दिसतं. महिनाभर रोज दीड तास सलग वाजवण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा, मध्ये पाच मिनिटं बेस खाली ठेवून. पहिल्या आठवड्यात सगळं कच्चं वाटेल, सूर खरखरतील, कारण दाब कमी केलेला असेल, ते खरखरू देत.

कागदाची टेस्ट झाली की काय झालं ते सांगा, आणि जमलं तर वाजवतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका, पण नेकच्या मागून, अंगठा दिसेल असा.