वाचकांचे प्रश्न : वसंतातले पक्षी, रानफुले आणि कॅमेरा

प्रश्न : माझ्याकडे ३०० मिलिमीटरची लेन्स आहे, तरीही पक्षी फोटोत लहान दिसतात आणि बरेच फोटो हललेले येतात. मोठी लेन्स घ्यावी का?

एवढ्यात घेऊ नये. पक्ष्याचे आणि आपले अंतर निम्मे झाले, तर ३०० मिलिमीटरची लेन्स ६०० मिलिमीटरच्या लेन्सइतकेच काम करते. शिवाय मधली तापलेली, थरथरणारी हवाही कमी होते, आणि तो दोष कितीही महाग लेन्स घेतली तरी जात नाही. मात्र हे अंतर पक्ष्याच्या दिशेने चालत जाऊन कमी होत नसते. वसंतात अनेक जातींचे नर आपली हद्द राखतात आणि गाण्यासाठी त्याच त्या दोन-चार फांद्यांवर फिरून फिरून येऊन बसतात. पहिल्या सकाळी कॅमेरा बाजूला ठेवून या जागा नुसत्या पाहून ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी पक्षी येण्याआधीच, सूर्य पाठीशी राहील आणि फांदीमागची झाडी बरीच लांब असेल अशा ठिकाणी, झुडपाच्या आडोशाला बसून राहावे. पार्श्वभूमी जितकी दूर, तितकी ती पुसट होते आणि पक्षी उठून दिसतो.

फोटो हलण्याची कारणे दोन आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. हाताच्या कंपासाठी जुना नियम पुरेसा आहे : लेन्स ३०० मिलिमीटरची असेल, तर शटरचा वेग निदान १/३०० सेकंद असावा, आणि सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) लहान असेल तर १/५००. लेन्समधील स्थिरीकरण हा कंप आटोक्यात आणते. पक्ष्याची हालचाल मात्र ते थांबवू शकत नाही. गाणाऱ्या पक्ष्याची मान आणि चोच सतत हलत असल्यामुळे तेथे १/५०० ते १/१००० लागतो, आणि उडणाऱ्या लहान पक्ष्यासाठी १/२००० किंवा त्याहूनही अधिक. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा, कारण फोटोतले दाणे नंतर बरेचसे कमी करता येतात, हललेला डोळा मात्र सुधारता येत नाही. फोकस डोळ्यावरच धरावा.

प्रश्न : घरट्याचे आणि पिल्लांचे फोटो काढणे योग्य आहे का?

माझे मत स्पष्ट आहे : काढू नयेत. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी १८९२ मध्ये अंडी असलेल्या घरट्याचा फोटो काढला, आणि पुढे बराच काळ घरटे हा पक्षीछायाचित्रणातला एक मुख्य विषय राहिला. त्या काळच्या अवजड कॅमेऱ्यासमोर पक्षी हमखास येईल अशी जागा घरट्याखेरीज फारशी नव्हती. आजच्या कॅमेऱ्यावर ती सक्ती उरलेली नाही. आपण घरट्याजवळ उभे असेपर्यंत आई-वडील परतत नाहीत. तेवढ्या वेळात अंडी गार पडतात किंवा उन्हात तापतात आणि पिल्ले उपाशी राहतात. दृश्य मोकळे व्हावे म्हणून एखादी डहाळी बाजूला केली, तर सावली जाते आणि शिकारी पक्ष्यांना घरटे उघडे पडते. चोचीत किडा धरलेला पक्षी घरट्यात न शिरता समोरच ताटकळत असेल किंवा तोच तीव्र इशारा पुन्हा पुन्हा देत असेल, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून लगेच मागे फिरावे.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर आणण्याचा प्रकारही विणीच्या हंगामात तितकाच अयोग्य आहे. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला या समजुतीने नर गाणे, खाणे आणि पिल्लांची देखभाल सोडून त्याच्या शोधात शक्ती खर्च करतो. पिल्ले घरट्याबाहेर पडल्यावर आई-वडील त्यांना उघड्या फांदीवर भरवतात. लांबून, लपणात बसून टिपलेला तो क्षण घरट्यातल्या फोटोपेक्षा अधिक जिवंत असतो.

प्रश्न : मॅक्रो लेन्सने रानफुलाचा फोटो काढताना एखादाच पुंकेसर स्पष्ट येतो, बाकी सगळे धूसर. ॲपर्चर किती ठेवावे?

दोष ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा, कमी आणि अंतराचा अधिक आहे. (एफचा आकडा जितका मोठा, तितके हे छिद्र लहान.) फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर फूल सेन्सरवर प्रत्यक्ष आकाराइतके उमटेल इतके जवळ गेल्यास एफ/८ वर जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ/१६ वर तो सुमारे २ मिलिमीटर होतो. पण इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन (कडांशी पसरणे) वाढते आणि सगळेच चित्र किंचित मऊ पडते. त्यापेक्षा थोडे मागे सरकून फूल निम्म्या आकारात घ्यावे : एफ/८ वरच स्पष्ट भाग जवळजवळ तिप्पट होतो. पाकळ्यांची जी बाजू महत्त्वाची वाटते, तिला सेन्सर समांतर राहील असा कॅमेरा वळवावा. फोकस थोडा थोडा सरकवत घेतलेले अनेक फोटो संगणकावर जोडण्याची पद्धत उत्तम आहे, परंतु वारा अगदी पडलेला असेल तरच. असा वारा बहुधा सूर्योदयाच्या आसपास मिळतो.

पातळ ढगांतून येणारा प्रकाश फुलांना मानवतो, कारण सावल्या सौम्य होतात आणि रंग टिकतो. पण काही फुले ढगाळ हवेत उमलतच नाहीत. अशा फुलांसाठी ऊन पडण्याची वाट पाहावी आणि फूल व सूर्य यांच्यामध्ये पातळ पांढरे कापड धरावे. पांढऱ्या फुलांबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. फुलाने चौकट भरलेली असेल, तर कॅमेरा त्याला करडे करतो, म्हणून एक्स्पोजर १ स्टॉपपर्यंत, म्हणजे प्रकाश दुपटीपर्यंत, वाढवावे. तेच फूल काळोख्या पार्श्वभूमीवर लहान दिसत असेल, तर पाकळ्यांतले तपशील उडून जातात आणि एक्स्पोजर उलट कमी करावे लागते.

आडवे येणारे गवत उपटू नये, हलकेच वाकवावे आणि नंतर सोडून द्यावे. जमिनीवर आडवे होण्याआधी अंगाखाली कोवळी रोपे नाहीत ना, हे आवर्जून पाहावे.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. त्यावर काय टिपता येईल?

पक्ष्यांचा नाद तूर्त सोडावा. डिजिटल झूममध्ये तपशील वाढत नाही, आहे तेवढाच ताणला जातो. मात्र उमलती कळी, सालीवरचे शेवाळ, कोळ्याच्या जाळ्यावरचे दव यांना मोबाइल पुरेसा आहे. तांबूस कोवळी पालवी सूर्याच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे प्रकाश पानातून आपल्याकडे येईल अशी पाहावी. शिरा न् शिरा उजळून निघते. अनेक मोबाइलमध्ये जवळचे फोटो अतिरुंद लेन्स काढते आणि ती वस्तूच्या इतकी जवळ न्यावी लागते की मोबाइलचीच सावली पडते, तेव्हा प्रकाश बाजूने येऊ द्यावा. एखादे दुर्मीळ फूल सापडले, तर फोटो इतरांना पाठवण्याआधी त्यात नोंदले गेलेले ठिकाण काढून टाकावे. ती नोंद फोटोबरोबर गेली, तर फूल खणून नेणाऱ्यालाही नेमकी जागा कळते.