स्पेनला जाऊन राहिलं की स्पॅनिश आपोआप येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्यात स्पॅनिशची ए१ लेव्हल (सगळ्यात पहिली, पुढे ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) झालीये, आता नोकरी सोडून सहा महिने स्पेनला राहून भाषा पक्की करायचीये, पण शिक्षण मराठी मीडियमचं आणि इंग्रजी बेताचं, त्यामुळे तिकडच्या क्लासमध्ये मागे पडाल का, आणि नुसतं तिथं राहून भाषा येते का. मी स्वतः कोल्हापूरची, मराठी मीडियमचीच, आणि २०१८ च्या सप्टेंबरपासून सहा महिने दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरात राहून शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. आपोआप येत नाही. माझा पहिला दीड महिना जवळजवळ वाया गेला. मी ज्या फ्लॅटमध्ये राहत होते तिथे आम्ही चार मुली, सगळ्या वेगवेगळ्या देशांच्या, सगळ्या स्पॅनिश शिकायला आलेल्या आणि घरात सगळ्यांची भाषा इंग्रजी. सकाळी चार तास क्लास, तिथून घरी आलं की इंग्रजी, संध्याकाळी फिरायला गेलं की पण त्याच मुली आणि परत इंग्रजी. माझं इंग्रजी सुधारलं त्या दीड महिन्यात, स्पॅनिश होतं तिथंच राहिलं. दुकानात जायचं, बोट दाखवायचं, पैसे द्यायचे, यायचं, एवढ्यावर सहा महिने आरामात निघतात आणि माणूस परत येतो तो फोटो घेऊन. मी असे बरेच जण पाहिलेत आणि मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटतं कारण घरच्यांचे पैसे लागलेले असतात.

मग मी खोली बदलली. साइदिन म्हणून ग्रानादाचा एक भाग आहे, टुरिस्ट तिकडे फारसे फिरकत नाहीत, साध्या नोकरदार लोकांची वस्ती, तिथे एका सत्तरीच्या बाईंकडे खोली घेतली. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता आणि तेच मला हवं होतं. खरं शिकणं तिथून सुरू झालं.

पहिल्याच दिवशी मी त्यांना 'उस्तेद' म्हणाले, म्हणजे आपलं आदरार्थी तुम्ही, पुस्तकात तसंच शिकवलेलं की मोठ्यांना उस्तेद म्हणायचं. त्या म्हणाल्या अगं उस्तेद नको म्हणूस, म्हातारी झाल्यासारखं वाटतं, 'तू' म्हण. (स्पॅनिशमध्येही एकवचनी जवळचं सर्वनाम 'तू'च आहे, उच्चारसुद्धा तोच.) आता क्लासमधल्या बऱ्याच जणांना हा तू आणि उस्तेदचा प्रकार महिना महिना उमगायचा नाही, मला एका मिनिटात कळलं, कारण आपणही आईला अगं म्हणतो, आज्जीला ए आज्जी म्हणतो, आणि तरी त्यात आदर कमी होत नाही. कुणाला अहो आणि कुणाला अगं हे आपल्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे त्यांना तो विचारच नव्याने करावा लागतो.

आणि इथूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं. इंग्रजी बेताचं आहे म्हणून घाबरू नका. स्पॅनिश इंग्रजीतून समजून घ्यायचा प्रयत्न केला की अवघड वाटतं, मराठीतून घेतलं की निम्मं व्याकरण आधीच येत असतं. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, पुण्याच्या क्लासमध्येही सगळं इंग्रजीतूनच समजावायचे.

उदाहरणं देते. 'मे गुस्ता एल काफे', मला कॉफी आवडते. 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. बघा, आंबे अनेकवचनी झाले की मराठीत आवडतेचं आवडतात होतं आणि तिकडे गुस्ताचं गुस्तान होतं, आवडणारी मी एकटीच असले तरी. इंग्रजीवाल्यांना हे उलटं वाटतं कारण त्यांच्यात आवडणारा माणूस कर्ता असतो. आपल्याला शिकायची गरजच नाही, फक्त शब्द बदलायचे. 'मे पारेसे के' म्हणजे मला वाटतं की. 'मे दा मिएदो' म्हणजे मला भीती वाटते. 'मे कुएस्ता आब्लार' म्हणजे मला बोलायला जड जातं. सगळीकडे 'मला'.

दुसरं, 'आ' लावायचा नियम. 'बुस्को लास यावेस', किल्ल्या शोधतेय. 'बुस्को आ मी एर्मानो', भावाला शोधतेय. माणूस असेल तर 'आ' लावायचा, वस्तू असेल तर नाही. आमच्या टीचरनी यावर अख्खा तास घेतला, फळ्यावर चित्रं काढली, आणि मी बसल्या जागी मनात म्हटलं की हा तर आपला 'ला' आहे. आपण 'किल्ल्यांना शोधतेय' म्हणतो का? नाही. 'भाऊ शोधतेय' म्हणतो का? नाही. (म्हणजे लग्नासाठी मुलगा शोधतोय असं म्हणतो पण तिथे कुणी ठरावीक मुलगा डोळ्यासमोर नसतो, आणि गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही कुणी ठरावीक माणूस नसेल तर तो 'आ' बऱ्याचदा गळतो.) त्या दिवशी घरी जाऊन मी वही उघडली आणि इंग्रजी अर्थांचा रकाना बंद करून मराठीचा सुरू केला.

तिसरं, भूतकाळ. स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ आहेत आणि परदेशी माणूस सगळ्यात जास्त तिथे अडकतो. 'फुई' म्हणजे गेले, एकदा, झालं संपलं. 'इबा' म्हणजे जायचे, रोज, लहानपणी, सवय म्हणून. आपण म्हणतोच की लहानपणी मी आज्जीकडे जायचे आणि काल मी बँकेत गेले. कुठला भूतकाळ वापरायचा असा प्रश्न पडला की मनात मराठी वाक्य करून बघायचं, जायचे-करायचे-खायचे आलं तर इबावालं रूप, गेले-केलं-खाल्लं आलं तर फुईवालं. 'चालले होते, तेवढ्यात' असं आलं तरी इबाच. सगळीकडे शंभर टक्के जुळत नाही पण दहातली आठ वाक्यं बरोबर येतात आणि सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

आणि तो सुबखुन्तिबो, म्हणजे इच्छा-अपेक्षा सांगताना येणारं क्रियापदाचं रूप, ज्याच्या नावानेच लोक घाबरतात. 'किएरो के बेंगास'. तू यावंस असं मला वाटतं. यावंस, करावंस, जावं. आपलं विध्यर्थी रूप आहे ते जवळजवळ. घरातल्या बाई दिवसभर वापरायच्या, तू जेवावंस म्हणून ठेवलंय, थंडी वाजू नये म्हणून खिडकी लावलीये, सगळं त्याच रूपात, त्यामुळे मी ते नियमाआधी कानाने शिकले.

आता जिथे मराठी फसवते तेही सांगते. आपण 'मी पोळी खाल्ली' म्हणतो, क्रियापद पोळीच्या मागे जातं. स्पॅनिशमध्ये ते माणसाच्या मागेच जातं, 'कोमी', मी खाल्लं. मी पहिले काही आठवडे 'कोमियो' म्हणत होते, म्हणजे त्याने किंवा तिने खाल्लं, आणि बाई विचारायच्या कोणी खाल्लं? तसंच लिंग. पांढरा-पांढरी आपल्याला सवयीचं आहे म्हणून विशेषण बदलायला त्रास होत नाही पण आपलं नपुंसकलिंग तिकडे नाही, त्यामुळे पुस्तक, टेबल, घर हे सगळे कुठेतरी बसवावे लागतात, पुस्तक पुल्लिंगी, टेबल आणि घर स्त्रीलिंगी. शब्द पाठ करताना पुढच्या 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) सकटच पाठ करा. आणि 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'आहे'मध्ये मराठीची फार मदत होत नाही, ते घासूनच येतं.

उच्चारात आपण खूप पुढे आहोत. त, द, प, क अगदी आपलेच, श्वास न सोडता. स्वर पाच, लिहिलं तसं वाचायचं. दुहेरी 'र' तेवढा जीभ थरथरवून काढायला शिकावा लागतो.

पण बोलणं जमलं म्हणजे ऐकणं जमलं असं नाही, आणि ग्रानादाला जाणार असाल तर हे आधी माहीत असू द्या. आंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या दक्षिणेकडच्या प्रांतात येतं तिथे, शब्दाच्या शेवटचा 'स' लोक गिळतात. आमच्या गल्लीत भाजी-फळांचं दुकान होतं, तिथे आत शिरलं की आधी विचारायचं 'किएन एस ला उल्तिमा', म्हणजे शेवटचा नंबर कुणाचा, रांग दिसत नाही पण प्रत्येकीला आपला नंबर माहीत असतो. माझा नंबर आला, मी टोमॅटो मागितले, आणि दुकानातली बाई म्हणाली 'आल्गो मा, इखा?' इखा म्हणजे मुली, पोरी, ते कळलं. 'मा' काय ते कळेना. मी नुसती बघत राहिले, मागच्या बायका थांबलेल्या. घरी येऊन विचारलं तेव्हा कळलं की ते 'मास' आहे, आणखी काही हवंय का. 'मास ओ मेनोस' म्हणजे कमी-जास्त, अंदाजे, ते ऐकू यायचं 'माओमेनो'. मग अनेकवचन कसं ओळखायचं, 'स'च नाही तर? ग्रानादाकडचे लोक शेवटचा स्वर जरा उघडा, तोंड मोठं करून म्हणतात, 'कासा' म्हणजे घर, त्यातला शेवटचा आ पसरट आला की समजायचं घरं अनेक आहेत. हे कान लागायला मला दोन महिने लागले. बाई फोनवर बहिणीशी बोलायच्या तेव्हा मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी पुसत बसायचे, ऐकण्यासाठी, आणि त्यांना तसं सांगितलंही होतं.

त्याच दुकानात आणखी एक शिकले. 'पोनमे मेदियो किलो', अर्धा किलो दे. पुस्तकात शिकवतात ते 'मला कृपया मिळू शकेल का' वगैरे तिथे कुणी म्हणत नाही. आपण चहावाल्याला एक चहा द्या म्हणतो तसंच, त्यात उद्धटपणा नाही, सूर चांगला असला म्हणजे झालं.

शब्दांचंही एक सांगते कारण मला त्याने फार बळ दिलं. ग्रानादाला 'बेरेनखेनास कोन मिएल' मिळतात, म्हणजे वांग्याचे तळलेले काप आणि वरून 'मिएल दे कान्या'. मी पहिल्यांदा खाल्लं आणि थबकले, ती चक्क काकवी होती. आमच्याकडे गुऱ्हाळावर मिळते तीच चव. बेरेनखेना हा शब्दसुद्धा संस्कृत वातिंगणवरून फारसी, मग अरबी असा करत स्पेनला पोचलेला. साखरेचा 'आसुकार' आपल्या शर्करेपासून, संत्र्याचा 'नारांखा' नारंगपासून, बुद्धिबळाचा 'आखेद्रेस' चतुरंगपासून, सगळे अरबांबरोबर तिकडे गेले, आणि अरबांचं राज्य ग्रानादात १४९२ पर्यंत टिकलं. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेले शब्दही उपयोगी पडतात, 'पागार' म्हणजे पैसे देणे, आपला पगार तिथलाच.

शाकाहारी असाल तर एक वाक्य पाठ करून जा. नुसतं 'सोय बेखेतारियाना' म्हटलं की ट्यूना मासा घातलेलं सॅलड येतं. 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन' असं तिन्ही नावं घेऊन सांगायचं, मांस नको, मासे नको, डुकराचं खामोनही नको. ग्रानादात बारमध्ये काही प्यायला मागवलं की सोबत खायची छोटी बशी फुकट येते, तेव्हा हे आधीच सांगायचं.

कामाचं थोडक्यात. ९० दिवसांपर्यंत शेंगेन व्हिसावर जाता येतं, त्याहून जास्त राहायचं तर विद्यार्थी व्हिसा, त्यासाठी कोर्स मान्यताप्राप्त संस्थेचा लागतो, नियम बदलत असतात म्हणून वकिलातीच्या साइटवरच बघा, एजंटच्या तोंडी माहितीवर पैसे भरू नका. तिथे गेल्यावर पत्त्याची नोंद नगरपालिकेत करावी लागते, त्याला 'एम्पाद्रोनामिएन्तो' म्हणतात, तर खोली घेतानाच घरमालकाला विचारा की नोंद करू देणार का, काही जण नंतर नाही म्हणतात आणि मग सगळे कागद अडकतात. ग्रानादाच्या युनिव्हर्सिटीचं (ती १५३१ सालची आहे) परदेशी लोकांसाठी वेगळं भाषाकेंद्र आहे, सेंत्रो दे लेन्गुआस मोदेर्नास, रेआलेखो भागात. परीक्षा द्यायची असेल तर डेले आणि सिएले अशा स्पॅनिशच्या दोन परीक्षा आहेत, डेलेचं सर्टिफिकेट कायमचं चालतं, सिएलेचं पाच वर्षं. नोकरीसाठी म्हणून करत असाल तर डेले बी२ डोळ्यासमोर ठेवा, पण सहा महिन्यांत ए१ वरून बी२ होईल असं धरून चालू नका, मी ए२ वर गेले होते आणि परत येताना बी१ पक्कं आणि बी२ अर्धवट होतं.

म्हणून माझं मत, अजून चार-सहा महिने नोकरी करत इथेच ए२ करा, पैसेही साठतील. ए१ वर गेलात तर पहिले दोन महिने समोरच्याला काय म्हणायचंय हेच कळत नाही आणि ते दिवस तिथे महाग पडतात. गेल्यावर पहिल्या आठवड्यात स्थानिक माणसाच्या घरात खोली शोधा, फ्लॅटमधल्या मैत्रिणी कितीही चांगल्या असल्या तरी.

आणि जमलं तर सप्टेंबरातच जा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोत्रिल-आल्मुन्येकारच्या किनाऱ्यावरून 'चिरिमोया' बाजारात येतात, आपल्या सीताफळाची बहीणच, साल जरा गुळगुळीत. दाबून बघू नका, दुकानदार रागावतो, 'पारा ओय' म्हणा, म्हणजे आजच खायला हवंय, तो बरोबर पिकलेलं काढून देतो.