मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, नुकतेच इंदूरला आलोय. गणपतीत गोड काय करू?

आधी एक विचारते, डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हटलंय की दूध पचत नाही एवढंच? न पचणाऱ्याला तूप बहुतेक वेळा चालतं, कारण त्यात दुधातली साखर नावालाच असते. अ‍ॅलर्जी प्रथिनांची असते आणि त्यांचा अंश तुपातही राहतो. माझ्या नातवाला अ‍ॅलर्जी आहे, म्हणून आमच्याकडे त्याच्या ताटात तूप नाही.

दुसरं, इंदूरची शिकंजी लिंबाची समजून मुलीला देऊ नका. इथली शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध. सराफ्यातला, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारातला, भुट्टे का कीसही (मक्याच्या कणसाचा कीस) दुधात शिजवतात.

आता गणपती. उकडीचे मोदक तर मुळात बिनदुधाचेच. वाटीभर पाण्याला वाटीभर तांदळाची पिठी, चिमूट मीठ आणि तुपाऐवजी चमचाभर खोबरेल, अर्थात खाण्याचं. सारण नारळ-गुळाचं, वर साजूक तुपाची धार मात्र विसरायची. इथे समुद्र लांब, नारळ लांबून येतात. म्हणून कानाशी हलवून पाणी वाजतंय का पाहूनच घ्या, नाहीतर ऐन नैवेद्याला खवट निघतो.

खिरीचा हट्ट असेल तर नारळाच्या दुधाची करा. पहिल्या वर्षी मी रबडी करायला म्हणून ते दूध तासभर आटवलं. वर तेल तरंगलं, खाली चोथा. नातू म्हणाला, "आजी, ही भाजी आहे का?" नारळाचं दूध आटवायचं नसतंच. एका नारळाचा चव थोड्या कोमट पाण्यात वाटून पहिलं दाट दूध बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात पाणी घालून निघालेल्या पातळ दुधात भिजवून भरड वाटलेले अर्धी वाटी तांदूळ शिजवा. मग पाऊण वाटी गूळ. दाट दूध अगदी शेवटी, वाफ धरली की गॅस बंद, उकळी नाही. वेलची, जायफळ. गाईच्या दुधात गूळ घातला की ते फाटायची धास्ती असते, ती इथे नाही.

काजूकतली घरीच करा, काजू नि साखरेचा एकतारी पाक, बास. विकतच्या वडीला तुपाचा हात लागलेला असू शकतो. आणि दुकानदार "कुछ नहीं है दूध का" म्हणाला तरी "घी?" असं वेगळं विचारा. त्याच्या लेखी तूप म्हणजे दूध नव्हे.