कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जस्टिस स्टडीजला जायचं तर वर्षं वाया जातात का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर कळेल. लग्नानंतर रत्नागिरीहून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आलात, बीए दुसऱ्या वर्षालाच सुटलं, सध्या एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसासोबत मिळणाऱ्या व्हिसावर, आहात. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं करता येतात अशा स्वस्त सरकारी कॉलेजात, नाव घालून पुढे सॅन होजे स्टेट विद्यापीठात जस्टिस स्टडीज (गुन्हा, पोलीस, कोर्ट, तुरुंग यांचा अभ्यास) करायचंय. घरचे म्हणतात, त्यापेक्षा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर आणि नोकरीला लाग. आणि भीती अशी की दोन वर्षं कॉलेजात घालवल्यावर विद्यापीठ म्हणेल, यातलं अर्धंच धरतो.

माझं एक वर्ष वाया गेलं. पण त्यात विद्यापीठाचा दोष नव्हता, माझाच होता.

मी इचलकरंजीची. एफवायबीकॉम करून लग्न, मग सॅन होजे. २०१५ साली, मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर, कम्युनिटी कॉलेजात गेले. तिथे या विषयाला जस्टिस स्टडीज म्हणत नाहीत, ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस म्हणतात. नावातला फरक लक्षात ठेवा, पुढे त्यावर येते. पहिल्या दोन टर्ममध्ये मला हे सगळं इतकं आवडलं की काही विचारू नका. एकदा ठसे उचलायची काळी पूड वर्गात दिली होती, ती थोडी घरी आणली. मुलीला स्टीलची वाटी हातात धरायला लावली, वाटीवर ब्रशने पूड फिरवली आणि चिकटपट्टीवर तिच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या. सासूबाईंनी ती वाटी नंतर चार वेळा घासली, आणि मी पोलीस होणार असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

झालं काय, तर या नादात मी गंमतीचे कोर्स पुढे घेत गेले आणि संख्याशास्त्र मागे ढकलत गेले. बारावीत गणित सोडल्याचा जुना धसका. कॅल स्टेट म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांची साखळी, सॅन होजे स्टेट त्यातलंच. तिच्या कुठल्याही कॅम्पसला तिसऱ्या वर्षात जायचं तर चार कोर्स हवेतच : लेखन, भाषण, तर्कविचार आणि गणित किंवा संख्याशास्त्र. कौन्सेलर मंडळी याला 'गोल्डन फोर' म्हणतात. चारही सी-मायनस किंवा वरच्या ग्रेडने, आणि फॉलला (ऑगस्टच्या टर्मला) प्रवेश हवा असेल तर आधीच्या स्प्रिंगपर्यंत (जानेवारी ते मेच्या टर्मपर्यंत) पुरे. मी संख्याशास्त्र शेवटच्या स्प्रिंगला घेतलं, वर आणखी तीन कोर्स. नोव्हेंबरात अर्ज भरला होता, मार्चमध्ये प्रवेशाचं पत्रही आलं. घरी पेढे झाले. मे महिन्यात कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्यावर लॅपटॉप उघडला, तर संख्याशास्त्रापुढे डी. प्रवेश मिळतो तो 'राहिलेलं नीट पुरं केलं तर' या अटीवर, हे त्या पत्रात लिहिलेलंच होतं, मी पेढ्यांच्या नादात वाचलं नव्हतं. प्रवेश गेला. उन्हाळ्यात तोच कोर्स पुन्हा करून बी मिळवला, पण गाडी पुढच्या फॉलचीच.

म्हणून पहिली गोष्ट : संख्याशास्त्र पहिल्या वर्षी घ्या. जस्टिस स्टडीजला पुढे संशोधनपद्धतीत ते परत येतंच, टाळून सुटका नाही.

आता 'अर्धंच धरतील' या भीतीबद्दल. कॅलिफोर्नियात यासाठी २०१० साली कायदाच झाला. त्यातून असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर नावाची पदवी निघाली. कम्युनिटी कॉलेजात ६० युनिटची (युनिट म्हणजे इथलं क्रेडिट) ही पदवी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिसमध्ये केलीत, तर जुळणाऱ्या विषयात कॅल स्टेटला उरलेल्या ६० युनिटांत बीए किंवा बीएस व्हायला हवं. मधेच 'हेही कर, तेही कर' म्हणून कोर्स लादता येत नाहीत. पण एक खोच आहे, आणि ती भल्याभल्यांना उशिरा कळते. हमी आहे ती कॅल स्टेट या व्यवस्थेत कुठेतरी जागा मिळण्याची. सॅन होजेलाच मिळेल अशी नाही. सॅन होजेला अर्ज जागांपेक्षा जास्त येतात, म्हणून जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) नियमातल्या २.० वर ठेवून भागत नाही. हेवर्डचं ईस्ट बे तुम्हाला फ्रीमाँटहून जवळ, तिथे क्रिमिनल जस्टिस आहे, तिथेही अर्ज टाका. दर कॅम्पसला ७० डॉलर लागतात, पण वर्ष जाण्यापेक्षा स्वस्त. अर्जाची खिडकी १ ऑक्टोबरला उघडते आणि दोनेक महिन्यांत मिटते. म्हणजे जायच्या जवळजवळ वर्षभर आधी. आपल्याकडे निकाल लागल्यावर प्रवेशाची धावपळ, इथे उलटं, हे माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

कोर्स निवडताना कौन्सेलरला भेटाच, पण त्याआधी असिस्ट ही सरकारी वेबसाइट उघडून बसा. एका बाजूला तुमचं कॉलेज, दुसऱ्या बाजूला विद्यापीठ टाकलं की कुठला कोर्स कशाच्या जागी धरला जातो ते दिसतं. त्याची प्रिंट काढून फ्रीजवर लावा. मैत्रिणीचं ऐकून कोर्स घेऊ नका. तिचं कॉलेज क्युपर्टिनोचं असेल तर तिथे सेमिस्टर नाही, क्वार्टर म्हणजे तिमाही पद्धत आहे, तिचे ९० युनिट म्हणजे तुमचे ६०. सर्वसाधारण विषयांचा जो गठ्ठा असतो तो माझ्या वेळी वेगळा होता, २०२५ च्या फॉलपासून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना कॅल-जेटसी नावाचा गठ्ठा लागू झालाय, ३४ युनिटचा. त्यामुळे माझ्यासारख्या जुन्या माणसाची यादी वापरू नका. आणि कम्युनिटी कॉलेजचे जास्तीत जास्त ७० युनिटच पुढे धरतात. आवडतं म्हणून शंभर केलेत तर वरचे तीस हौसेचे.

पैशाचं : कॅलिफोर्नियाचे रहिवासी धरले गेलात तर कॉलेजात युनिटला ४६ डॉलर, आणि सॅन होजेची वर्षाची मूळ फी २०२५-२६ मध्ये ६,४५० डॉलर, वर कॅम्पसची वेगळी शुल्कं, आणि ती मूळ फी दरवर्षी वाढतेय. एच-फोरवर शिकता येतं, रहिवासीही ठरता येतं, पण इथे वर्षभराहून जास्त राहिल्याचे कागद दाखवावे लागतात. लीज, लायसन्स, टॅक्स, सगळं एका फायलीत ठेवा आणि त्यावर तुमचं नाव येऊ द्या. आपल्या घरांत सगळे कागद नवऱ्याच्या नावावर असतात. हे आजच बदला.

आता नावाचा फरक. सॅन होजेला १९३० साली पोलिसांसाठी शिक्षण सुरू झालं, देशातल्या अगदी पहिल्या अशा अभ्यासक्रमांपैकी ते एक. पण आज तुम्ही जस्टिस स्टडीज शिकायला जाल तर तिथे कोणी बेड्या घालायला शिकवत नाही. माझ्या अनुभवात कॉलेजात शिकवलं ते कसं चालतं : अटक, पुरावा, आरोपपत्र, कोर्ट. विद्यापीठात विचारलं ते असं का चालतं आणि कुणावर चालतं.

एकच उदाहरण देते. कॅलिफोर्नियात १९९४ पासून 'थ्री स्ट्राइक्स' कायदा आहे : आधी दोन गंभीर गुन्हे असतील तर तिसऱ्याला फार मोठी शिक्षा. गॅरी यूइंग नावाच्या माणसाने एका दुकानातून गोल्फच्या तीन काठ्या पँटमध्ये लपवून चोरल्या, एकेक ३९९ डॉलरची. आधीचे गुन्हे होते म्हणून शिक्षा २५ वर्षं ते जन्मठेप. २००३ साली सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती कायम केली. कॉलेजात आम्ही हे कलम म्हणून पाठ केलं, परीक्षेत चार मार्कांना. विद्यापीठात याच खटल्यावर तीन आठवडे गेले : हा कायदा मतदारांना इतका का आवडला, तुरुंग कुणी भरले, २०१२ साली त्याच मतदारांनी तो सौम्य का केला. पहिला निबंध मी खटल्याचा सारांश म्हणून लिहून दिला. परत आला तेव्हा समासात पेन्सिलने एवढंच होतं : 'मग तुमचं म्हणणं काय?' इचलकरंजीत मला हा प्रश्न कुठल्याच मास्तरांनी विचारला नव्हता. तुम्हाला असा प्रश्न नकोसा वाटत असेल, फक्त वर्दी हवी असेल, तर क्रिमिनल जस्टिस नावाची पदवी जास्त सरळ पडेल. (वर्दीचंच म्हणाल तर, कॅलिफोर्नियात पोलीस व्हायला नागरिकत्वाची अट २०२३ पासून नाही, कामाची कायदेशीर परवानगी मात्र हवी. एच-फोरला ती आपोआप नसते.) आणि वकिलीही यात होत नाही. त्यासाठी पदवीनंतर आणखी तीन वर्षं लॉ स्कूल. माझी आई इचलकरंजीत अजून सगळ्यांना सांगते, आमची वकील आहे.

वाया गेलेल्या त्या वर्षात मी काय केलं? मंगळवारी मुलीला शाळेत सोडून वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये जाऊन बसायचे. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, कोणी विचारत नाही का आलात. पहिल्या हजेरीचे खटले बघत बसायचे. एकेकाला दोन-तीन मिनिटं. नाव, कलम, पुढची तारीख. बरेचजण आपलं काय झालं हे दुभाष्याकडे बघूनही न कळता बाहेर जायचे. एकदा मागच्या बाकावर एक पंजाबी आजी मला आपली समजून विचारत बसल्या, 'त्याला सोडलं की ठेवलं?' मला माहीत होतं, सांगितलं. मला कुठे काम करायचंय ते तिथेच ठरलं. आज मी एका छोट्या संस्थेत घरगुती हिंसाचारातून सुटू पाहणाऱ्या बायकांना संरक्षण आदेशाचा डीव्ही-१०० फॉर्म भरायला मदत करते. त्यात मराठी बायकाही असतात, आणि त्यांना तो फॉर्म भरायला फी लागत नाही हेच पहिल्यांदा सांगावं लागतं. पगार टेस्टिंगवाल्यांच्या निम्मा असेल. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नंतर कळलं की जास्त बोलतात.

एक गोष्ट तुमच्या बाबतीत चांगली आहे, ऐकून विचित्र वाटेल : तुमचं बीए अपुरं राहिलं ते बरं झालं. भारतातली पदवी पुरी असती तर इथे ही दुसरी बॅचलर्स ठरली असती, आणि अशांना कॅल स्टेटचे बरेच कॅम्पस घेतच नाहीत. माझी एक पदवीधर मैत्रीण तिथेच अडकली, शेवटी तिने मास्टर्सचा रस्ता धरला.

मात्र ते अपुरं बीए लपवू नका. अर्जात आजवर जिथे जिथे शिकलात ते प्रत्येक कॉलेज लिहावं लागतं, मार्क धरोत वा न धरोत. माझ्या एका वर्षाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी (अधिकृत गुणपत्रकासाठी) भाऊ विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तीनदा गेला; एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का नाही, तिसऱ्यांदा पाकीट मिळालं पण सील न केलेलं. तुमच्या माहेरी कोणाला तरी गणपतीच्या आधी पाठवा, नंतर तिकडे कोणी जागेवर सापडत नाही.